ऑफिसच्या मेलवर संशयित स्पॅमचं काय करावं? सल्ला हवा

वागळेकर: वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं मशीन शॉप आहे. मेल स्वतःच्या डोमेनवर. रबाळ्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "कोटेशन कधीच मागवलंय, उत्तर का नाही?" त्यांचा मेल इनबॉक्समध्ये नाही, जंकमध्ये नाही, त्यांच्याकडे परतही गेलेला नाही. होस्टिंगवाल्याने फिल्टर 'डिलीट'वर लावून दिलाय. 'रिजेक्ट' आणि 'जंक फोल्डर' हेही पर्याय आहेत. काय ठेवू?

ऐरोलीकर: डिलीट आजच्या आज बंद करा. पाठवणाऱ्याला वाटतं मेल पोचला, तुम्हाला वाटतं आलाच नाही, मग चौकशी करणार कोण? महापेत मेल सर्व्हर सांभाळतो, त्यावरून सांगतो: खात्रीचा कचरा दारातच, म्हणजे सर्व्हर मेल घेतानाच, नाकारायचा, शंकेचा जंकमध्ये टाकायचा. दारात 550 चा (मेल नाकारल्याचा सर्व्हरचा कोड) नकार दिला, की खऱ्या माणसाला त्याच्याच सर्व्हरकडून 'मेल पोचला नाही' असं कळतं आणि तो फोन करतो.

घोडबंदर_रोड: आधी घेऊन, तपासून, मग परत पाठवला तर?

ऐरोलीकर: अजिबात नको. स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेकदा खोटा असतो. परतीचा मेल भलत्याच माणसाकडे जातो आणि तुमचा सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जाऊ शकतो. नकार द्यायचा तर मेल घेतानाच.

वाशीकर: जंक ठेवा, पण तो रोज बघणारं माणूस नेमा. आमच्या एपीएमसीतल्या ऑफिसात सकाळी पहिलं काम तेच. 'अर्जंट कोटेशन' असा विषय आणि सोबत झिप फाइल, असे अगदी खरे मेलसुद्धा तिथे सापडतात. किती दिवसांनी पुसलं जातं तेही विचारा, जीमेलवर 30 दिवस असतात. आणि आउटलुक पॉपवर (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवायची पद्धत) असेल तर फक्त इनबॉक्स खाली उतरतो, जंक सर्व्हरवरच राहतो. कोणाला दिसतच नाही!

वागळेकर: पॉपच आहे. आयमॅप करून घेतो, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दिसतील. गिऱ्हाइकांची डोमेन सेफ लिस्टमध्ये टाकू का?

ऐरोलीकर: सरसकट नको, डोमेनचं नाव कोणीही वापरू शकतं. एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का, हे डोमेनच्या नोंदींवरून तपासायच्या पद्धती) पास झालं तरच सूट द्या. तुमच्या डोमेनलाही त्या नोंदी आहेत का बघा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे दोन्हींपैकी एक तरी मागतं, नाहीतर तुमचीच कोटेशनं लोकांच्या जंकमध्ये पडतील.

वागळेकर: आणि फिल्टर प्रत्येक मेलला स्पॅमचे गुण देतो, तर रिजेक्ट किती गुणांवर?

ऐरोलीकर: स्पॅमअसॅसिन हा फिल्टर असेल तर स्पॅम ठरवायचा मूळ आकडा 5 असतो. तिथे जंक, 10 च्या पुढे नकार. महिनाभर जंक बघा, मग आकडा हलवा.