नॅट लेव्हिन : कल्पक निर्माता की नुसताच चिक्कू?

रीळ नंबर दोन
हॉलिवूडचा इतिहास सांगताना सगळे मोठ्या स्टुडिओंवरच थांबतात. मॅस्कॉट पिक्चर्स नावाच्या छोट्या कंपनीच्या नॅट लेव्हिनचं नाव कुणी घेत नाही. हा गडी मार्कस लोच्या थिएटर कंपनीत ऑफिसबॉय होता, पुढे खुद्द मालकाचा सेक्रेटरी झाला. 1927 साली त्याने मॅस्कॉट काढली आणि 1935 पर्यंत पंचवीसच्या वर सीरियल केल्या. सीरियल म्हणजे थिएटरात दर आठवड्याला एक भाग, साधारण दोन रिळांचा, आणि शेवटी हिरो मरणाच्या दारात. 1929 मध्ये 'किंग ऑफ द काँगो'त त्याने आवाज आणला. अर्धीमुर्धी का होईना, ही पहिली बोलती सीरियल. तिच्यात पुढे 'फ्रँकेन्स्टाईन'मधला राक्षस म्हणून गाजलेला बोरिस कार्लोफ आहे, तोही त्या सिनेमाच्या दोन वर्षं आधीचा. पदरचा स्टुडिओ नसताना हे केलं. माझ्या मते हा माणूस पहिल्या रांगेतला.

पॅकअप
पहिल्या रांगेतला? अहो, मॅस्कॉटच्या सीरियलमध्ये हिरोची गाडी कड्यावरून खाली जाते, आपल्या डोळ्यांदेखत. पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग परत, फक्त मध्ये एक नवा शॉट घुसवलेला: गाडी कड्यावर पोचायच्या आधीच साहेब उडी मारून मोकळे! पोरांच्या तिकिटाच्या पैशांवर मारलेला हा डल्ला. याला कल्पकता म्हणायचं तर आमचा केबलवाला दादासाहेब फाळके.

रीळ नंबर दोन
फसवणूक सगळेच करत, युनिव्हर्सलसुद्धा. आणि पोरांना ते कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? शिव्या घालत परत तिकीट काढत होती.
लेव्हिनची खरी अक्कल माणसं हेरण्यात होती. बोलपट आले तेव्हा वॉर्नर स्टुडिओने आपल्या स्टार कुत्र्याला, रिन टिन टिनला, काढून टाकलं (कुत्रं बोलत नाही म्हणून!). लेव्हिनने त्याला घेऊन दोन सीरियल केल्या. 'द बिग ट्रेल' आपटल्यावर जॉन वेनला मोठा पिक्चर मिळेना, त्याला तीन सीरियल दिल्या. मूकपटांतला काउबॉय हिरो टॉम मिक्स, त्याचा शेवटचा पडद्यावरचा अवतार, 1935 ची 'द मिरॅकल रायडर', हीसुद्धा मॅस्कॉटचीच.

गच्चीवरून
म्हणजे उतरत्या बाजारातली भाजी. संध्याकाळी सात नंतर मंडईत जाणारी माणसं असतात तसा.

रीळ नंबर दोन
असेना. भाजी चांगली निघाली ना?

पॅकअप
मी गोरेगावला टीव्ही सीरियलच्या युनिटवर अकरा वर्षं काढली, म्हणून हे कौतुक घशाखाली उतरत नाही. "कमी पैशांत, कमी दिवसांत केलं" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मी आधी विचारतो, कुणाच्या जिवावर? आमच्याकडे एका निर्मात्याने पैसे नव्वद दिवसांनी म्हणत सात महिने लावले. लाइटवाला पहाटे चारला ट्रॉलीवर बसल्या बसल्या झोपलेला मी पाहिलाय, हातात तसाच कटिंग. मॅस्कॉटचं चित्रीकरणही दिवसरात्र रेटून चालायचं. स्टंटमन याकिमा कनट एकाच सीरियलमध्ये गुंडही व्हायचा आणि हिरोच्या जागी घोड्यावरून पडायचाही. एका माणसात दोन कामं. हिशेबाच्या वहीत छान दिसतं.

चहा अर्धा
पॅकअप, मुद्दा मान्य. पण त्याच कनटने पुढे दिग्दर्शक जॉन फॉर्डच्या 'स्टेजकोच'मध्ये घोड्यांवरचे जे स्टंट केले ते सगळ्यांनी पाहिले. वेन आणि तो एकमेकांना ओळखायला लागले ते या धावपळीतच. राबवून घेतलं हेही खरं, हात बसला हेही खरं.
आणि 'द फँटम एम्पायर' (1935) कुणी पाहिली का? ठरलेला काउबॉय हिरो केन मेनार्ड, त्याचं निर्मात्याशी बिनसलं, म्हणून जीन ऑट्री नावाच्या रेडिओवरच्या गायकाला घोड्यावर बसवलं. गोष्ट अशी: जमिनीखाली म्युरेनिया नावाचं शहर, तिथे राणी, किरण सोडणारी यंत्रं आणि टोपी घातल्यासारखे दिसणारे पत्र्याचे रोबो. हिरो तिथून जीव वाचवून पळतो, का? तर दुपारी दोनला त्याचा रेडिओवर गाण्याचा कार्यक्रम असतो, चुकला तर करार जातो! बारा भाग हाच घोळ. मी हसून हसून मेले, पण एकही भाग सोडला नाही.

पॅकअप
ती पाहिलीये. पत्र्याच्या रोबोंचं काम आमच्या युनिटपेक्षा बरं होतं, हे कबूल.

गच्चीवरून
शेवट कुणी सांगितलाच नाही. या छोट्या निर्मात्यांची रिळं धुणारी लॅब हर्बर्ट येट्सची. उधारी साचली की दोरी त्याच्या हातात. 1935 साली त्याने मॅस्कॉट, मोनोग्राम वगैरे छोट्या कंपन्या एकत्र बांधून रिपब्लिक पिक्चर्स उभी केली. दोन वर्षांत लेव्हिन पैसे घेऊन बाहेर. ते पैसे बरेचसे घोड्यांच्या शर्यतीत गेले. रिपब्लिक मात्र 1955 पर्यंत सीरियल काढत राहिली, त्याच्याच साच्यातल्या.

रीळ नंबर दोन
आणि उतारवयात तो कॅलिफोर्नियात एका थिएटरचा मॅनेजर होता. तिकडे शनिवारी पोरांच्या खेळाला काय लावत असेल, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

पॅकअप
काहीही लावो. डोअरकीपरचा पगार वेळेवर द्यायचा का, ते विचारा.