‘आधी अद्यतन करा, मग अद्यतन करा’: अपडेट आणि अपग्रेडसाठी मराठी शब्द

विचारणा: उबंटू या लिनक्स प्रणालीवरील पॅकेजांविषयी (म्हणजे प्रोग्रामांच्या बसवण्याजोग्या संचांविषयी) मराठीत माहितीपुस्तिका लिहीत आहे. ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ या दोन्ही आज्ञांसाठी मी ‘अद्यतन’ हाच शब्द योजल्यामुळे शीर्षकातले विचित्र वाक्य तयार झाले. ‘अद्ययावत’ आणि ‘अद्यतन’ यांत काही भेद आहे का?

प्रतिसाद: ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत, म्हणून ‘अद्ययावत’ म्हणजे आजपर्यंतचे, ‘अद्यतन’ म्हणजे आजचे, आणि त्यातला ‘तन’ प्रत्यय ‘पुरातन’, ‘सनातन’ यांतलाच आहे. ‘अद्यतन’ हे मुळात विशेषण. संगणकाच्या मराठीत ‘अद्यतन’ हे नाम म्हणून रुळले असले, तरी मला ते ‘पुरातन करणे’ इतकेच अवघडलेले वाटते.

तुमची खरी अडचण मात्र व्युत्पत्तीची नाही. उबंटूवर पॅकेजे हाताळणारे साधन म्हणजे ‘एपीटी’; त्याच्या ‘एपीटी अपडेट’ या आज्ञेने एकही प्रोग्राम बदलत नाही. भांडारांत, म्हणजे पॅकेजे ठेवलेल्या सर्व्हरांवर, कोणत्या पॅकेजाची कोणती आवृत्ती उपलब्ध आहे याची यादी तेवढी नव्याने उतरवून घेतली जाते. म्हणूनच आज्ञा संपताना पडद्यावर ‘१२ पॅकेजे अपग्रेड करता येतील’ अशा अर्थाची ओळ उमटते: वाणसामानाची यादी हाती आली, सामान अजून दुकानातच आहे. तेव्हा पहिलीसाठी ‘यादी ताजी करणे’ आणि दुसरीसाठी ‘पॅकेजे अद्ययावत करणे’ असे लिहावे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर तर ‘डीएनएफ’ या तिथल्या साधनाचे ‘डीएनएफ अपडेट’ हे ‘अपग्रेड’चेच दुसरे नाव असल्याने, शब्दाला शब्द ठेवला तर तिथला वाचक फसेल.

विचारणा: मग ‘उन्नयन’ कुठे वापरावे? आणि ‘फुल-अपग्रेड’ला ‘पूर्ण अद्ययावत करणे’ म्हणता येईल का?

प्रतिसाद: ‘उन्नयन’ जड आहे, पण उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाण्यासारख्या मोठ्या स्थित्यंतरासाठी ते राखून ठेवता येईल. ‘पूर्ण’ मात्र टाळावे, कारण साध्या ‘अपग्रेड’मध्ये बसवलेले कोणतेही पॅकेज काढले जात नाही, तर ‘फुल-अपग्रेड’मध्ये गरज पडल्यास ते काढलेही जाते, आणि ‘पूर्ण’ या शब्दातून हा धोका कळत नाही. ‘गरजेनुसार पॅकेजे काढूनही अद्ययावत करणे’ हे लांबलचक असले, तरी प्रामाणिक आहे.

आणखी एक जोडी जपून वापरावी. ‘एपीटी-मार्क होल्ड’ने वापरकर्ता स्वतः थांबवतो ती ‘रोखलेली’ पॅकेजे. अवलंबित्व (एका पॅकेजाला लागणारी दुसरी पॅकेजे) जुळत नसल्याने किंवा उबंटू नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडत असल्याने जी आपोआप थांबतात, ती ‘मागे राहिलेली’. दोन्हींना ‘रोखलेली’ म्हटले, तर वाचक आपण कधीही न दिलेली आज्ञा शोधत बसेल.