मदत हवी आहे: सेल्समध्येच पुढं जायचंय, पण वसुलीत अडलोय

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या मशीन शॉपना कटिंग टूल्स (धातू कापायची हत्यारं) विकतो, सहा वर्षं झाली. काम मनापासून आवडतं. मशीनपाशी उभं राहून इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या पात्याची) ट्रायल घेतली, एका कास्टिंगमागं (ओतीव भागामागं) किती खर्च वाचतो ते दाखवलं, की गिऱ्हाईक टिकतं. दर कमी करून मिळालेली ऑर्डर टिकत नाही.

अडतंय ते वसुलीत. आमची कंपनी सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेली. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानं पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवेत. पण ज्यांच्याकडं रोज चहा पितो, त्यांना हे संबंध न बिघडवता कसं सांगू?

घरचे म्हणतात पुण्याला जा. इथंच राहून सेल्समध्ये वीस वर्षं काढलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, तुम्ही काय केलंत?