शेंगदाणा तेलातील पाणी: कार्ल फिशर टायट्रेशनचे आकडे दर नमुन्यागणिक उतरत का जातात?

प्रश्न (घाणावाले)

नमस्कार. आमच्या घाण्यावरच्या छोट्या प्रयोगशाळेत गेल्या महिन्यात पाणी मोजण्याचे कार्ल फिशरचे व्हॉल्युमेट्रिक यंत्र आले. भांड्यात केवळ मेथॅनॉल घेऊन, ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीच्या टायट्रंटने (पाण्याशी अभिक्रिया करणारे आयोडीनचे द्रावण, दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम पाणी मोजणारे), प्रत्येक वेळी साधारण १ ग्रॅम न गाळलेले शेंगदाणा तेल तपासतो. एकाच बाटलीतून लागोपाठ तीन नमुने घेतले, तर पाण्याचे प्रमाण ०.१९, ०.१६ आणि ०.१२ टक्के असे उतरत गेले. त्याच तेलाचा ओव्हनमध्ये तापवून काढलेला आकडा मात्र दोन्ही वेळा ०.१५ टक्के आला. तिसऱ्या नमुन्यानंतर ढवळणी थांबवली की तळाशी पिवळसर थर दिसतो. यंत्र बिघडले आहे की माझी पद्धत चुकते आहे, आणि ग्राहकाच्या दाखल्यावर कोणता आकडा लिहावा?

उत्तर १ (ब्युरेट)

यंत्राला दोष देऊ नका. तो पिवळसर थर हेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. तेल मेथॅनॉलमध्ये नीट विरघळत नाही. पहिल्या नमुन्यातले पाणी ढवळण्याने बरेचसे मेथॅनॉलमध्ये उतरते, पण तेल साचत गेले की काही पाणी त्या थरातच अडकून राहते आणि आयोडीनपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय प्लॅटिनमच्या जोड-इलेक्ट्रोडवर तेलाचा पापुद्रा बसला की अंतिम बिंदूही (पाणी संपल्याची खूण) विश्वासाचा राहत नाही.

मेथॅनॉलमध्ये क्लोरोफॉर्म मिसळावे, किंवा ते नको असेल तर मेथॅनॉल आणि डेकॅनॉल समान भागांत घ्यावे. मेथॅनॉल पूर्ण काढून टाकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ते इथे नुसते द्रावक नसते. सल्फर डायऑक्साइडशी त्याची आधी अभिक्रिया होते, आणि म्हणूनच एका रेणू पाण्याला एक रेणू आयोडीन हा हिशेब जुळतो. मेथॅनॉलचा वाटा फार खाली गेला की तो हिशेबच ढळतो.

दुसरी गोष्ट वजनाची. १ ग्रॅम तेलात ०.१९ टक्के म्हणजे १.९ मिलिग्रॅम पाणी, त्याला आपला टायट्रंट जेमतेम ०.३८ मिलिलिटर लागतो. भांड्याचा ड्रिफ्ट, म्हणजे बाहेरून आत झिरपणारे पाणी, मिनिटाला २० मायक्रोग्रॅम असेल आणि टायट्रेशन पाच मिनिटे चालले, तर १०० मायक्रोग्रॅम पाणी हवेतूनच येते, म्हणजे मोजलेल्या पाण्याच्या पाच टक्क्यांहून अधिक. नमुना ५ ग्रॅम घ्या, टायट्रंट २ मिलिग्रॅमचा वापरा आणि ड्रिफ्ट वजा होतो आहे ना, ते सेटिंगमध्ये पाहा. पावसाळ्यात ड्रायिंग ट्यूबमधले ओलावा शोषणारे मॉलिक्युलर सीव्ह बदलायचे राहून जाते, आणि मग ड्रिफ्ट काही केल्या खाली येत नाही.

उत्तर २ (निवृत्त विश्लेषक)

वरील उत्तराशी सहमत आहे. (कार्ल फिशर यांनी ही पद्धत १९३५ मध्ये मांडली तेव्हा अभिकर्मकात पिरिडीन असे, आम्ही उमेदवारीच्या दिवसांत त्या वासाने दुपारचा डबा बाहेर नेऊन खात असू. आता इमिडॅझोल आहे, ही मोठीच सोय झाली.)

ओव्हनचा आणि टायट्रेशनचा आकडा तंतोतंत जुळावा, ही अपेक्षा मुळातच सोडावी. ओव्हन फक्त वजनातली घट सांगतो. त्यात पाण्याखेरीज उडून जाणारे इतर पदार्थही मोजले जातात, आणि उलट तापलेल्या तेलाने हवेतला ऑक्सिजन घेतला तर वजन वाढून घट कमी दिसते. जवसासारख्या लवकर सुकणाऱ्या तेलात हे विशेष जाणवते. दाखल्यावर मात्र मानकात जी पद्धत सांगितली आहे तिचाच आकडा लिहावा. उदाहरणार्थ, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाची वनस्पती तेलांसाठीची ०.२ टक्क्यांची मर्यादा १०५ अंशांना उडून जाणाऱ्या पदार्थांसाठी आहे, कार्ल फिशरच्या पाण्यासाठी नाही.

नमुना कसा घेता, ते आपण लिहिलेले नाही. न गाळलेल्या तेलात गाद असते आणि पाणी तिच्यासोबत तळाशी बसते, त्यामुळे वरवरचे तेल घेतले तर आकडा कमीच येणार. बंद बाटली कोमट पाण्यात ठेवून, चांगली हलवून, लगेच सिरिंजने तेल ओढावे. भरलेली आणि रिकामी सिरिंज तोलून फरक घ्यावा, सुईचे टोक प्रत्येक वेळी पुसावे. टायटरही, म्हणजे टायट्रंटची प्रत्यक्ष ताकद, दर आठवड्याला तपासावा. सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटमध्ये १५.६६ टक्के पाणी असते, ते त्यासाठी सोयीचे, मात्र ते मेथॅनॉलमध्ये हळू विरघळते, तेव्हा घाई करू नये.

उत्तर ३ (घाणावाले)

दोघांचेही आभार. क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल समान भागांत घेऊन, ५ ग्रॅम नमुन्यावर आज आकडे ०.१८, ०.१८ आणि ०.१७ टक्के आले, थरही दिसला नाही. टायटर तपासल्यावर बाटलीवरच्या ५ ऐवजी ४.७ निघाला, म्हणजे आधीचे आकडे त्यामुळेही थोडे फुगलेले होते. नमुना आम्ही खरोखरच वरून ओतून घेत होतो. एक शंका उरते: आमच्या काही गिऱ्हाइकांच्या तेलात टीबीएचक्यू (तेल खवट होऊ न देणारे रसायन) असते, ते आयोडीन खाईल का?

उत्तर ४ (ब्युरेट)

टीबीएचक्यू सहज ऑक्सिडीकृत होणारे आहे, म्हणून शंका रास्त आहे. पण परवानगी २०० पीपीएमपर्यंतच असते. तेवढे सगळेच्या सगळे आयोडीनशी एकास एक जुळले, तरी पाण्याच्या भाषेत ते सुमारे २२ पीपीएम, म्हणजे ०.००२ टक्के भरते. आपल्या ०.१८ पुढे ते जाणवणार नाही; रिफाइंड तेलात कूलोमेट्रीने (आयोडीन भांड्यातच विजेने तयार करून) अगदी थोडे पाणी मोजायचे असेल, तेव्हा मात्र लक्षात ठेवावे. आणि क्लोरोफॉर्मचा कचरा मोरीत न ओतता वेगळ्या बंद बाटलीत साठवा.