यवतमाळ ते शेगाव मोटारसायकलने : आराम गाडीत असतो की थांबण्यात?

दारव्हा रोड

गेली बारा वर्षे मी आणि माझी पत्नी वर्षातून दोनदा यवतमाळहून शेगावला १०० सीसीच्या मोटारसायकलने जातो. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अकोला या मार्गाने हे अंतर एका बाजूला २०० किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळूनच जातो. पण त्यावर दुचाकीला प्रवेश नसल्यामुळे आमच्या नशिबी जुनाच रस्ता आहे. माझ्या पुतण्याने नुकतीच ३५० सीसीची गाडी घेतली असून, ‘काका, त्या फटफटीवर अजून किती दिवस कंबर मोडून घेणार?’ असे तो मला भर पंक्तीत म्हणाला. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. माझे उत्तर येथे मांडतो.

माझ्या मते लांबच्या प्रवासातला आराम विकत घेता येत नाही, तो थांबून मिळवावा लागतो. आम्ही पहाटे पाचला निघतो, दर ४०-५० किलोमीटरला गाडी उभी करून दहा मिनिटे पायी फिरतो आणि अकराच्या आत शेगावला पोहोचतो. बसून राहिल्याने बैठकीच्या हाडांखालचे मांस दबते, तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि कंबरेचे स्नायू एकाच ताणात आखडतात. यावर उतरून चालण्यासारखा उपाय नाही. मात्र थांबायचे ते दुखू लागण्यापूर्वी. दुखू लागल्यावर थांबणे म्हणजे बैल बसल्यावर त्याच्या मानेवरचे जू काढण्यासारखे आहे. सीटवर गोधडीची घडी टाकून पाहिली, जाळीचे कव्हर लावून पाहिले, मण्यांचे आसनही आणले. ते आता घरातल्या खुर्चीवर आहे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी अवश्य खोडून काढावे.

बियाणेवाला

दारव्हा रोडवाले गुरुजी, आपल्याविषयी आदर बाळगून सांगतो की आपला सिद्धान्त माझ्यावर लागू पडत नाही. मी बियाण्यांच्या विक्रीसाठी मे-जूनमध्ये दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर फिरतो. आर्णी, दिग्रस, पुसद, उमरखेड या पट्ट्यातील प्रत्येक कृषी सेवा केंद्रावर मला उतरावेच लागते. म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा माझे थांबणे होते, चालणे होते, चहासुद्धा होतो. तरीही तीन हंगाम माझी कंबर आणि मानेची उजवी बाजू धरलेली असे. थांबण्यानेच आराम मिळत असता तर आमच्या धंद्यातला माणूस सर्वांत सुखी ठरला असता.

दोष थांबण्यात नव्हता, बसण्यात होता, हे मला फार उशिरा कळले. नमुन्यांची आणि पावतीपुस्तकांची सात-आठ किलोंची बॅग मी पाठीला लावत होतो. ते सगळे वजन खांद्यांना ओढत असे आणि वरून त्याच बैठकीच्या हाडांवर येत असे. आता बॅग कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या रबराने बांधतो. दुसरे, माझी उंची जास्त असल्यामुळे हँडल धरताना मी पुढे ओणवा होत होतो. मेकॅनिकने पान्याने हँडल ढिले करून किंचित माझ्याकडे फिरवले आणि ब्रेक व क्लचचे दांडे थोडे खाली कलते केले, त्यामुळे मनगट सरळ राहू लागले. या कामाला पंधरा मिनिटे लागली. तेव्हापासून दुखणे निम्म्याहून कमी झाले आहे, आणि थांबे तेवढेच आहेत.

जुना बुलेटस्वार

पुतण्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून लिहितो. महामार्गावर समोरून ट्रक भरधाव गेला की त्याच्या वाऱ्याने हलकी गाडी डुलते आणि प्रत्येक वेळी चालक नकळत हँडल आवळतो. दोनशे किलोमीटरांत असे शेकडो वेळा घडते, आणि ज्याला आपण थकवा म्हणतो त्यातला बराच भाग या आवळण्याचा असतो. भारी गाडी वाऱ्याला दाद देत नाही. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाचा थरकाप हा पूर्वी खरा दोष होता. पण २०२३ मध्ये आलेल्या नव्या बुलेट ३५० च्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे. दट्ट्याच्या वर-खाली होण्याने जो धक्का निर्माण होतो, त्याच्या विरुद्ध दिशेने फिरणारे वजन तो बराचसा शोषून घेते. गुरुजींनी एकदा पुतण्याची गाडी अकोल्यापर्यंत नेऊन पाहावी आणि मग बोलावे.

दारव्हा रोड

नेऊन पाहिली, म्हणूनच बोलतो. गाडी उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु अमरावती-अकोला महामार्गावर, जेथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम नोंदवला गेला, त्या गुळगुळीत रस्त्यावर माझ्या हाताची शेवटची दोन बोटे बधिर झाली. दारव्हा-कारंजा रस्त्यावर असे कधी होत नाही. कारण तेथे खड्डा चुकवताना, उठताना, बसताना शरीर सतत हलत असते. चांगला रस्ता आणि चांगली गाडी मिळाली की माणूस तासभर पुतळ्यासारखा बसून राहतो. माझा मुद्दा याने खोडला जात नाही, उलट पक्का होतो. शिवाय कापसाच्या शेतात गाडी चिखलात रुतली की जवळजवळ दोनशे किलोंचे ओझे पासष्टीच्या माणसाने कसे ओढावे, हे पुतण्याने सांगितलेले नाही.

गॅरेज, कारंजा

येथे हँडल आणि वजन यांवर बरेच लिहिले गेले, पण खालच्या भागाकडे कोणी पाहिले नाही. माझ्याकडे ‘सीट कडक झाली, फोम बदला’ म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांची सीट ठीक असते. मागच्या शॉकअपमधले तेल गळालेले असते, मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश झिजलेले असतात, किंवा मागच्या चाकात भलतीच हवा असते. चालकपुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी मागच्या चाकाच्या हवेचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. शॉकअपच्या बुडाशी खाचांची कडी असते. दोघे बसणार असाल आणि सामानही असेल तर ती कडक खाचेवर फिरवावी, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप तळाला जाऊन आपटतो आणि तो धक्का थेट मणक्यात जातो. एकट्याने परतताना ती पुन्हा नरम करावी. तेवढे मात्र कोणी करत नाही.

आपल्या भागात याचे महत्त्व अधिक आहे. रस्त्याखालची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचे डांबर शाबूत दिसले तरी रस्ता लाटांसारखा होतो. डोळ्यांना खड्डा दिसत नाही, पण गाडी सारखी झुलते. अशा रस्त्यावर ४५-५० चा वेग आणि धड शॉकअप यांना पर्याय नाही.

सीटविषयी एकच सांगतो. दुकानात बोटाने दाबून मऊ लागणारा फोम दहा मिनिटे सुख देतो आणि तासाभराने हाडे खालच्या पत्र्यापर्यंत पोहोचतात. फोम घट्टच हवा. गुरुजींची गोधडी याच कारणाने निरुपयोगी ठरली असणार. शिवाय ती सरकते आणि वळणावर धोका होतो.

मागच्या सीटवरून

आतापर्यंत चार जणांनी लिहिले आणि चारही जण हँडल धरणारे आहेत. गुरुजींनी पहिल्याच वाक्यात पत्नीचा उल्लेख केला, पण त्यानंतर त्या माउली गाडीवरून कोठे उतरल्या ते कळले नाही. मी सतरा वर्षे मागे बसते आहे, त्यामुळे काही गोष्टी सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजते.

साडी नेसून एका बाजूने बसणाऱ्या बाईचे दोन्ही पाय डावीकडे असतात, कंबर पिळलेली असते आणि मान समोर वळवलेली असते. चालकाला निदान हँडलचा आधार आहे. आमचा एक हात मागच्या दांडीवर आणि दुसरा मांडीवरच्या पिशवीवर असतो. खड्डा चालकाला दिसतो, म्हणून तो आधीच सावरतो. आम्हांला तो लागल्यावर कळतो. वजन एका बाजूला गेल्यामुळे चालकही नकळत उजवीकडे झुकून गाडी सरळ ठेवतो, आणि मग घरी गेल्यावर त्याची एकच बाजू का दुखते याचे कोडे त्याला उलगडत नाही. बियाणेवाले भाऊ एकटे फिरतात, तेव्हा त्यांचे कारण वेगळे असेल. पण जोडप्याने प्रवास करणाऱ्यांनी हँडल फिरवून घेण्यापूर्वी मागची व्यक्ती कशी बसली आहे ते पाहावे.

चार वर्षांपूर्वी मी लांबच्या प्रवासात सलवार-कुर्ता घालून दोन्हीकडे पाय टाकून बसू लागले. सासूबाईंना ते रुचले नाही. देवाला जाताना साडीच हवी, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी साडी पिशवीत घेऊन भक्तनिवासात बदलायची, यावर तडजोड झाली. त्या दिवशी मला शेगावला उतरल्यावर प्रथमच सरळ चालता आले, आणि यजमानांनी आपण होऊन मान्य केले की गाडी वळणावर सोपी झाली. ज्यांना साडीतच बसायचे आहे त्यांनी निदान मागच्या चाकावरची जाळी आणि धरायची दांडी जागेवर आहे का ते पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागच्या व्यक्तीसाठी धरायची दांडी, पाय ठेवायची जागा आणि निदान अर्धे चाक झाकणारे आच्छादन असणे बंधनकारक आहे. ‘गाडी रुबाबदार दिसावी’ म्हणून जाळी काढून टाकणारे पुतणे आमच्या घरातही आहेत.

आता थांबण्याविषयी. गुरुजी, आपण दर ४०-५० किलोमीटरला थांबता, ते कोठे? बाभळीखाली, पुलाजवळ, टपरीवर, असेच असणार. पुरुषाला झाड पुरते. बाईला पुरत नाही, म्हणून ती निघण्यापूर्वी पाणीच पीत नाही आणि वाटेत दिले तरी ‘तहान नाही’ म्हणते. मग अकोल्यापर्यंत तिचे डोके ठणकू लागते, पायांत गोळे येतात, आणि आपण म्हणता की हिला गाडी लागली. थांबण्याच्या आपल्या सिद्धान्ताला माझा विरोध नाही, परंतु जेथे स्वच्छतागृह नाही तो थांबा अर्ध्या प्रवाशांसाठी थांबाच नव्हे.

बियाणेवाला

ताईंच्या पाण्याच्या मुद्द्याला जोडून लिहितो, कारण हा विषय उन्हाळ्यात जिवावर बेततो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३४-३५ अंश असते. अशा वेळी अंगावर येणारा वारा थंड करत नाही, भट्टीच्या तोंडासमोर बसल्यासारखा शरीर तापवतो. थंडावा येतो तो फक्त घाम वाळण्याने, आणि पाणीच प्यायले नसेल तर घाम कोठून येणार? म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, हेल्मेटची काच खाली आणि दर थांब्याला मीठ-साखर-पाणी किंवा मठ्ठा, एवढे मी पाळतो. बाह्या सरसावून ‘हवा खात’ जाणारी मुले पाहिली की वाईट वाटते. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही असे वडील म्हणत. मी तो खिशात न ठेवता जेवणात खातो.

जुना बुलेटस्वार

उन्हासाठी काही जण हेल्मेटच्या आत ओला दुपट्टा गुंडाळतात, ते मला योग्य वाटत नाही. जाड कापडामुळे हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत नाही आणि पडल्यावर ते निसटू शकते. सुती पातळ कापडाचा एक पदर पुरे, आणि दुपट्टा ओला करायचाच असेल तर तो मानेभोवती घेऊन टोके आत खोचावीत. ताईंच्या म्हणण्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या गाडीची मागची सीट लहान आहे, हे घरच्यांनी मला अनेकदा सांगितले आहे.

दारव्हा रोड

ताईंचा प्रतिसाद सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुम्ही बारा वर्षे पुलाजवळच थांबता.’ मी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते, असे म्हणून सुटका करून घेता आली असती; पण विचारायला हवे होते ते मीच.

तरीही मूळ मताला मी धरून आहे. बियाणेवाल्यांनी दहा-बारा थांबे सांगितले, पण ते दुकानाच्या काउंटरशी उभे राहून हिशेब करण्याचे थांबे आहेत. त्यांत कंबर मोकळी होत नाही. हँडल आणि बॅग यांविषयीचे त्यांचे म्हणणे मात्र मान्य. शॉकअपची कडी मी बारा वर्षांत एकदाही फिरवलेली नाही, हेही कबूल करतो, आणि येत्या रविवारी गाडी कारंज्याला आणतो. कार्तिकात पुन्हा निघायचे आहे. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही ही सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे. त्यावरही ताईंनी काही सुचवावे. थांबे आता त्याच ठरवणार आहेत. पेट्रोल पंपांवर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह विनामूल्य असायला हवे, हे ठाऊक आहे. प्रत्यक्षात कोणते पंप भरवशाचे, ते सांगता आले तर बरे.

मागच्या सीटवरून

अंबाड्याऐवजी मानेजवळ सैल वेणी घालून ती ओढणीच्या आत घ्यावी, हेल्मेट नीट बसते. पंपांचे म्हणाल तर दारव्ह्यात शहराबाहेर पडण्यापूर्वी थांबा, नंतर कारंजा, मग मूर्तिजापूरला महामार्गाला लागल्यावर; अकोल्यात शिरण्यापूर्वी एकदा थांबावे, कारण शहरातल्या गर्दीत वेळ जातो. पंपाचे नाव सांगून उपयोग नाही, एका वेळी स्वच्छ असते आणि पुढच्या वेळी कुलूप. पेट्रोल भरण्याआधीच किल्ली मागावी. पैसे दिल्यानंतर किल्ली सापडत नाही, असा माझा अनुभव आहे.