कस्टम व्ह्यूच्या डीफॉल्ट व्हॅल्यू कोडमध्ये नकोत, स्टाइलमध्ये हव्यात

अँड्रॉइडवर कस्टम व्ह्यू (स्क्रीनवरचा स्वतः बनवलेला घटक) लिहिताना बहुतेक जण गेटडायमेन्शन या माप वाचणाऱ्या फंक्शनच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे डीफॉल्टच्या जागी, आकडा ठोकून मोकळे होतात. मीही तेच करायचो. प्रोग्रेस रिंगची जाडी १६ दिली, १६० डीपीआयच्या एम्युलेटरवर झकास दिसली. ४८० डीपीआयच्या फोनवर मात्र दोऱ्यासारखी बारीक! तो आकडा डीपी (स्क्रीनच्या डेन्सिटीवर न अवलंबणारं माप) नसतो, पिक्सेल असतो. त्या फोनवर १ डीपीला ३ पिक्सेल लागतात, म्हणजे माझे १६ तिथे जेमतेम ५ डीपी. त्यापेक्षा एक डीफॉल्ट स्टाइल (रंग, जाडी अशा ॲट्रिब्यूट्सच्या व्हॅल्यूंचा संच) लिहून ती ऑब्टेनस्टाइल्डॲट्रिब्यूट्सला, म्हणजे व्ह्यूची ॲट्रिब्यूट्स वाचणाऱ्या फंक्शनला, चौथं आर्ग्युमेंट म्हणून द्यावी, असं माझं ठाम मत झालंय.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. आकड्याला डेन्सिटीने (१ डीपीला जितके पिक्सेल, त्याने) गुणा, प्रश्न मिटला. क्लास उघडला की डीफॉल्ट समोर दिसला पाहिजे. तीन ॲट्रिब्यूट्ससाठी चार फायली धुंडाळायला लावणं हा पुढच्या माणसावर अन्याय आहे.

धागाकर्ता
जाडीचं मान्य. रंगाचं काय? कोडमध्ये काळा ठोकला की डार्क थीममध्ये रिंग गायब. स्टाइलमधून थीमच्या रंगाकडे बोट दाखवलं की तो आपोआप बदलतो.

प्रतिसाद १
थीमचा रंग कोडमधूनही वाचता येतो की.

प्रतिसाद २
धागाकर्त्याच्या उपायात एक खाच आहे, मी त्यात पडलोय. त्याच फंक्शनच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये थीममधल्या एका ॲट्रिब्यूटचं नाव जातं. ॲपच्या थीमने त्या ॲट्रिब्यूटला स्वतःची स्टाइल दिली, तर चौथ्या आर्ग्युमेंटची स्टाइल वाचलीच जात नाही. दोन्हींची सरमिसळ होत नाही. आमच्या थीममधल्या स्टाइलमध्ये फक्त रंग होता. जाडी थेट कोडमधल्या डीफॉल्टवर गेली, आणि तिथे कुणीतरी ० लिहिलं होतं. रिंग दिसेचना. लेआउट, कंस्ट्रेंट, सगळं तपासून झालं, मग हे सापडलं.

शिवाय बटणाचा सबक्लास करताना जेव्हीएमओव्हरलोड्स (एका कन्स्ट्रक्टरवरून बाकीचे बनवणारं कोटलिनचं ॲनोटेशन) वापरून कन्स्ट्रक्टरच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटला डीफॉल्ट म्हणून ० देऊ नका, बटणाची मूळची स्टाइलच उडते.

धागाकर्ता
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे थीममधल्या स्टाइलला आपली डीफॉल्ट स्टाइल पॅरेंट म्हणून द्यायची (म्हणजे तिच्यात नसलेल्या व्हॅल्यू पॅरेंटकडून येतील), आणि कोडमधला आकडाही धड ठेवायचा. स्टाइलचा आग्रह मात्र सोडत नाही.

प्रतिसाद १
मग तोच आकडा दोन जागी झाला. एक बदलला आणि दुसरा राहिला, तर?