२/५ म्हणजे काय? पणजोबांची ‘काळी पाचवी’ नक्की कुठली पलटण?

खटावचा पणतू:
नमस्कार. माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचा फौजेतला दाखला सापडला. भरती १९४३, फौजेतून मोकळे १९४६. पलटणीच्या जागी ‘२/५ एम.एल.आय.’ एवढंच लिहिलंय. आजोबा सांगतात, ते कायम म्हणायचे, “आम्ही काळ्या पाचवीचे.” म्हणजे ५ हा आकडा पाचव्या पलटणीचा का? मग अलीकडचा २ कशाचा? आणखी एक कोडं आहे. पणजोबा म्हणायचे, पलटणीत सात-आठशे माणूस. मी शोधलं तर प्लाटून तीसेक जणांची निघाली. कुणी फौजेतलं असेल तर नीट समजावून सांगा.

माजी हवालदार, कोरेगाव:
बाळा, आधी दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घाल. घडीवर कागद पहिला फाटतो.

एम.एल.आय. म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री. मी तिच्यात २४ वर्षं काढली, भरती बेळगावच्या सेंटरातली. तुझे पणजोबा बरोबर बोलत होते. आपण पलटण म्हणतो ती बटालियन. प्लाटून हा तिच्यातला लहान तुकडा, नाव तेवढं सारखं लागतं कानाला. खालून वर मोज. दहा जवानांचं सेक्शन, तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटूनांची कंपनी. अशा चार रायफल कंपन्या, शिवाय मोर्टार, सिग्नल, लंगर, गाड्या सांभाळणारे. सगळे मिळून आठशेच्या आसपास. वर कर्नलसाहेब.

यात खरं घर म्हणजे सेक्शन. एका खंदकात, एका तिरपालाखाली तेच दहा जण. माझ्या सेक्शनात गडहिंग्लजचा एक पोरगा होता. पहाऱ्यावरून येणाऱ्यासाठी चहाचा मग तो स्वतःच्या कोटाच्या आत धरून बसायचा, गार होऊ नये म्हणून. कंपनीतल्या सगळ्यांची नावं आज आठवत नाहीत. त्या नऊ जणांच्या आयांची नावंसुद्धा पाठ आहेत.

आता तुझा आकडा. पायदळात रेजिमेंट एकत्र लढायला जात नाही. ते कूळ आहे. आमची पलटण एका ब्रिगेडमध्ये (म्हणजे काही पलटणींच्या गटात), शेजारी शीख आणि गोरखा पलटणी, आणि आमचीच सख्खी पलटण हजार मैल लांब. (तोफखान्यात आणि रणगाड्यांत मात्र रेजिमेंट म्हणजेच पलटणीएवढं युनिट. तिथले लोक ‘माझी रेजिमेंट’ म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ वेगळा असतो.) १९२२ साली इंग्रजांनी जुन्या सुट्या पलटणी कुळांत बांधल्या. मराठ्यांच्या कुळाला ५ नंबर मिळाला. १०३ नंबरची ‘जंगी पलटण’ त्यात पहिली झाली, १०५ नंबरची दुसरी. म्हणून २/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची दुसरी पलटण.

पण काळी पाचवीतला पाच हा नव्हे! ही पलटण १८२४ पासून मुंबईच्या फौजेत पाचवी होती. गणवेशाची कॉलर आणि बाहीची पट्टी काळी, म्हणून काळी पाचवी. १९०३ मध्ये मुंबईच्या नंबरांत शंभर मिळवले, पाचाचे १०५ झाले. १९२२ ला ती दुसरी झाली. १९४५ मध्ये रेजिमेंटचा ५ गेला आणि उरली दुसरी मराठा. आकडा तीन वेळा बदलला, तरी नाव काळी पाचवीच. कुणी सोडलं नाही, सोडूही नये.

मोडीवाचक:
हवालदारसाहेबांच्या उत्तराला एक जोड. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची बांधणी दिली आहे: दहा माणसांस एक नाईक, पाच नाइकांस एक हवालदार. दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पागेत पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर) हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय हुद्द्यांच्याच यादीत यावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे महादजी शिंद्यांनी डी बॉइन या युरोपियन सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. त्या फौजेला म्हणत कंपू. आज आपण टोळक्याला म्हणतो तोच शब्द.

माजी हवालदार, कोरेगाव:
मोडीवाचक, दहावर एक नाईक वाचून अंगावर काटा आला. मी नाईक होतो तेव्हा माझ्याकडेही दहाच जणांचं सेक्शन होतं.

खटावचा पणतू:
काका, फार आभार. तुमचं उत्तर आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कॉलरचं आलं तसे ते उठले आणि ट्रंकेच्या तळातून एक फोटो काढून आणला. काळा-पांढराच आहे, पण पणजोबांच्या मागे भिंतीवर ‘डी कंपनी’ लिहिलेलं दिसतंय. पुढे बसलेले मोजले. दहा जण आहेत. मागे नावं लिहिली आहेत, मोडीत. मोडीवाचक, उद्या फोटो टाकतो, वाचून द्याल का?